अज्ञान खातेदाराची सहल

बँकेत अज्ञान मुलाच्या नावानं खातं उघडता येतं. पासबुकावर नाव त्याचं, पण भरणार पालक, काढणार पालक आणि सहीही पालकाचीच. खातेदार मोठा होईपर्यंत त्याला कुणी काही विचारत नाही. माझी उभी हयात असली खाती उघडण्यात गेली. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात, मुलानं आमटी वाढून घेता घेता ‘ठमीसाठी आपण सगळे पोकोनोजला जाऊ’ असं जाहीर केलं, तेव्हा खातं कुणाचं आणि सही कुणाची हे मला तत्काळ कळलं.

ठमी म्हणजे आमची नात. वय आठ महिने. खरं नाव चांगलं चार अक्षरी, संस्कृत, जोडाक्षरासकट आहे. ते इथल्या डॉक्टरीणबाईंना उच्चारता येत नाही आणि घाईत आम्हालाही आठवत नाही. त्या दिवसांत तिला चमचा, माझा चष्मा आणि स्वतःच्या पायाचा अंगठा एवढ्याच गोष्टींत रस होता. जंगल या विषयावर तिचं मत कुणी घेतलं नव्हतं.

पोकोनोज हे पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यातले डोंगर. सह्याद्री चढलेल्या माणसानं त्यांना डोंगर म्हणायचं ते केवळ पाहुणा म्हणून. पण एडिसनहून गाडीनं दीड-दोन तासांत जाता येतं, झाडी दाट आहे, तळी आहेत आणि झाडीत लपवलेली भाड्याची लाकडी घरं आहेत. शिवाय ऑक्टोबरात मेपल-ओकची पानं लाल-पिवळी होतात आणि ती बघायला माणसं शेकडो मैलांवरून येतात. ‘ठमीला रंग दिसायला लागलेत, तिला फॉल कलर्स दाखवू,’ असं सूनबाई म्हणाली. तिनं मेपलच्या पानांत ठेवून फोटो काढायला अस्वलाचे कान असलेला झबला आधीच मागवून ठेवला होता, हे मला कुरिअरचं खोकं मीच उघडल्यामुळे माहीत होतं. मुलाला कोळशाच्या शेगडीवर कणसं भाजायची होती; एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये ती पेटवायला मनाई आहे. आमच्या हिला कोजागिरीचं दूध खऱ्या चांदण्यात ठेवायचं होतं. आणि मला, सांगून टाकतो, कुणीही न उठवता दुपारी झोपायचं होतं. सगळ्यांच्या वतीनं ठमीनं होकार दिला.

सामान बांधताना मी मदत केली नाही. मी नोंद ठेवली. घडीचा पाळणा, उंच खुर्ची, दुधाचा पंप, बाटल्या उकळायचं यंत्र, बाळ रडलं की दुसऱ्या खोलीत दिसणारा कॅमेरा, लंगोटांचा गठ्ठा, एवढं सूनबाईचं. कुकर, परात, स्टीलचा तांब्या, डाळीचं पीठ, तिळाचं तेल, बाळगुटीची डबी, ओवा आणि ऊद, एवढं हिचं. शेवटी मुलानं एक पांढरा डबा आणला. ते आवाजाचं यंत्र. कळ दाबली की जंगलात पाऊस पडल्याचा आवाज येतो आणि त्या आवाजात ठमी झोपते.

“आपण जंगलातच चाललोय ना?” मी विचारलं.

“बाबा, तिथल्या जंगलाची तिला सवय नाहीये.”

गाडीत बसताना खटका उडाला. ही म्हणाली, “दोन तासांचा तर रस्ता. मी घेते मांडीवर.” मुलगा आणि सून एकाच वेळी “आई!” म्हणाले. अमेरिकेत बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसणं हा गुन्हा आहे. त्याला त्याची वेगळी खुर्ची लागते आणि ती बसवायला इंजिनीअर मुलालाही घाम फुटतो. पण हिचा मुद्दा अगदीच एकटा नव्हता. या खुर्चीचा देशातला पहिला कायदा टेनेसी राज्यानं १९७८ साली अमलात आणला, तेव्हा त्यात मोठ्या माणसाच्या हातातल्या बाळाला चक्क सूट होती. म्हणजे तिथल्या विधिमंडळातही कुणाच्या तरी आज्जीचं वजन चालत होतं. पण टक्कर झाली की मांडीवरचं बाळ मांडीवर राहत नाही. मागच्या माणसाच्या भाराखाली पहिलं तेच सापडतं. डॉक्टर मंडळींनी हे पटवून पटवून १९८१ मध्ये ती सूट काढायला लावली आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत असले कायदे झाले. न्यू जर्सीत तर दोन वर्षांच्या आतल्या, तीस पौंडांखालच्या बाळानं गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसायचं. हे सगळं मुलानं आईला पार्किंगमध्ये उभ्या उभ्या ऐकवलं. ही शांतपणे पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टा लावताना म्हणाली, “तुला चिपळूणहून पुण्याला एसटीतून मांडीवरच आणलं होतं. तेव्हा बोलला नाहीस.”

वाटेत डेलावेअर वॉटर गॅप लागते. नदीनं अख्खा डोंगर मधोमध कापून वाट काढली आहे, आणि त्याच फटीतून हमरस्ता पेनसिल्व्हेनियात शिरतो. दोन्ही काठांना झाडी अशी पेटलेली, की मी चष्मा पुसून पाहिलं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या खातेदार बाईंनी या साऱ्याकडे पाठ करून सीटचं कापड न्याहाळलं आणि मग झोप काढली.

घर चांगलं होतं. लाकडाचं, उंच छपराचं, मागे डेक, डेकखाली उतार आणि पुढे नुसती झाडी. आतल्या न्हाणीघराचं दार उघडलं आणि सूनबाई हसत सुटली. मुलगा लाजला. ही आत डोकावली आणि म्हणाली, “अगंबाई, हे काय?”

आत तांबड्याभडक रंगाचा, बदामाच्या आकाराचा, चारजण बसतील एवढा टब होता. भोवती तीन बाजूंनी आरसे.

याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोकोनोज हे मधुचंद्राचं ठिकाण म्हणून गाजलं. सैनिक परत आले, लग्नं झाली, जोडपी इथे यायला लागली. मॉरिस विल्किन्स नावाच्या हॉटेलवाल्यानं १९६३ साली आपल्या कोव्ह हेवन रिसॉर्टमध्ये बदामी टब बसवला आणि तो एवढा चालला की डोंगरभर त्याची नक्कल झाली. त्याच गृहस्थांनी १९८४ मध्ये शॅम्पेनच्या पेल्याच्या आकाराचा सात फूट उंच टबही काढला. त्यात चढायचं कसं, हा विचार करत मी थोडा वेळ घालवला. पुढे जोडपी विमानानं हवाईला आणि कॅरिबियन बेटांवर जायला लागली, इकडच्या मधुचंद्राच्या हॉटेलांना ओहोटी लागली आणि पोकोनोजमध्ये मुलाबाळांच्या सहली, वॉटर पार्क, घसरगुंड्या आल्या. आमच्या घरातला टब मधल्या काळाचा वारसा असावा. लग्नाला चार तपं उलटल्यावर मी मधुचंद्राच्या ठिकाणी पोचलो होतो, आणि मला त्या घरात जिन्याखालची खोली मिळाली.

“याचा फोटो विहीणबाईंना पाठवायचा नाही,” हिनं आल्या आल्या हुकूम सोडला. इथे एक खुलासा करायला हवा. आमच्यासारख्यांना येताना विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळतो. बाळंतपणाला व्याही-विहीण आले होते; त्यांचे सहा महिने संपताना आम्ही येऊन चार्ज घेतला. दोन्ही आज्ज्यांचे संबंध उत्तम आहेत. त्या एकमेकींना रोज फोन करतात आणि फोन ठेवल्यावर एकमेकींच्या मालिशीत काय चुकतं ते आम्हाला सांगतात.

फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला होता, आणि त्यात बहुतेक मजकूर अस्वलांबद्दल होता. पेनसिल्व्हेनियात काळी अस्वलं हजारोंनी आहेत आणि ऑक्टोबरात, थंडीच्या झोपेआधी, त्यांना खा खा सुटलेली असते. अन्न बाहेर ठेवू नका, शेगडी धुऊन ठेवा, अस्वल दिसलं तर पळू नका, बोलत बोलत मागे सरका. काय बोलायचं ते लिहिलं नव्हतं. शेवटी एक ओळ ठळक अक्षरांत होती: लहान मुलांचे वापरलेले लंगोट बाहेर ठेवू नका, त्यांच्या वासानं अस्वलं येतात. ही ओळ वाचून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आज्ज्या न्हाऊ घालतात, आया दूध पाजतात, बाप गाडी चालवतात. आजोबा या पदाला ठरलेलं काम नव्हतं, ते त्या क्षणी मिळालं.

कचऱ्याचा डबा रस्त्याच्या वळणावर होता. लोखंडी, जाड, आणि त्याला कडी अशी की अस्वलाच्या पंजाला उघडता येऊ नये. एका पत्र्याच्या खोबणीत हात उपडा घालायचा, आत बोटांनी कळ वर दाबायची आणि त्याच वेळी झाकण ओढायचं. रात्री नऊला, कानटोपी घालून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात ती सुगंधी पिशवी घेऊन मी निघालो. टॉर्च दातांत धरून खोबणीत बोटं घातली. आणि डब्यापलीकडे काहीतरी हललं. काळं, जाडजूड, दोन पायांवर उभं.

मी सूचनेप्रमाणे पळालो नाही. बोलायचं होतं, तोंडात टॉर्च असल्यानं जे निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. समोरून आवाज आला, “डरिये मत, भाईसाब. आप भी पोते का लाये हैं?”

मुलाचा जुना, गुडघ्यापर्यंतचा कोट घातलेले एक गृहस्थ हातात अगदी तश्शीच पिशवी घेऊन उभे होते. हैदराबादचे, वीज मंडळातून निवृत्त. त्यांचा शिक्का डिसेंबरात संपत होता, माझा फेब्रुवारीत. त्यांनी मला कडीची युक्ती दाखवली: आधी झाकण किंचित आत ढकलायचं, मग कळ दाबायची. त्या थंडीत आम्ही बराच वेळ उभं राहून गुडघे, साखर, आणि सुना-मुलांच्या इथल्या घरांचे हप्ते यावर बोललो. सबंध सहलीत मला इतकं मोकळं कुणाशी बोलता आलं नाही. अस्वल मात्र शेवटपर्यंत कुणालाच दिसलं नाही, आणि याचं सर्वांत जास्त वाईट मुलाला वाटलं, कारण त्यानं ठमीला अस्वल दाखवायचं ठरवलं होतं.

कोजागिरी काचेच्या आतून झाली. डेकवर दूध ठेवायला मनाई. वेलची-केशराचा वास अस्वलापर्यंत पोचला असता. हिनं पातेलं सरकत्या काचेच्या दाराशी, आतल्या बाजूनं ठेवलं. चंद्र वर आला. “काचेतून लागतं का हो चांदणं?” तिनं मला विचारलं. मी लागतं म्हणालो. दूध थंड होत होतं. आत ठमीच्या खोलीत यंत्रातला पाऊस मुसळधार कोसळत होता, बाहेर आभाळ लख्ख होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो. पानांचा ढीग करून त्यात ठमीला बसवलं, डोक्यावर अस्वलाचे कान, शेजारी भोपळा. तिनं कॅमेऱ्याकडे एकदाही न बघता एक लाल पान उचललं आणि तोंडात घातलं. मग ते काढण्यासाठी चौघांची वीस बोटं तिच्या तोंडाशी. ते बाहेर निघाल्यावर सूनबाईनं तिचे कान, मान, बगला, गुडघ्यांच्या मागच्या खोबणी तपासल्या. हे आता रोज संध्याकाळी होणार होतं. कारण गोचीड. हरणांच्या अंगावरची ती तिळाएवढी गोचीड चावली तर लाइम नावाचा आजार होतो. कनेटिकटमधल्या लाइम गावात १९७० च्या दशकात मुलांचे सांधे सुजायला लागले, तिथल्या आयांनी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला, म्हणून तो आजार उजेडात आला. त्याचा जंतू विली बर्गडॉर्फर यांनी पुढे शोधला. ही म्हणाली, “आमच्या गोठ्यात मूठभर गोचिडी असायच्या.” पण शोधायला तीच सगळ्यांत आधी बसली, आणि उवा काढणारा तिचा हात बघून सूनबाईनं आपली जागा सोडली.

मी दुपारची झोप सोडून बाबागाडी घेऊन पायवाटेनं गेलो, म्हणजे मला पाठवलं. माहिती वाचायची खोड म्हणून सांगतो: हे सगळं रान दुसऱ्या जन्माचं आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या हेमलॉक झाडांच्या साली कातडी कमावायला लागायच्या, म्हणून डोंगर साफ झाले होते. जवळच टॅनर्सव्हिल नावाचं गाव आहे ते त्या कारखान्यांचं. आणि १९०५ साली अमेरिकेचं वनखातं उभं राहिलं त्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो, पुढे दोनदा पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर, याचं ग्रे टॉवर्स हे घर याच भागात, मिलफर्डला. म्हणजे डोंगर बोडके केले ते इथे आणि झाडं राखायची शिकवण दिली तीही इथूनच. हे मी ठमीला मोठ्यानं समजावून सांगितलं. ती बाबागाडीच्या पट्ट्याचं प्लास्टिक चावत होती.

मधाचं प्रकरण त्याच संध्याकाळचं. रस्त्याकडेच्या दुकानातून मुलानं इथलाच, गावठी मध आणला. हिनं बाळगुटीची डबी उघडली, सहाणेवर चार वेढे उगाळले आणि चमचा मधात बुडवणार तोच सूनबाई स्वयंपाकघरात आली. इथले डॉक्टर वर्षाच्या आत मध अजिबात देऊ देत नाहीत. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजले की विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं. हा आजार १९७६ साली ओळखला गेला. ‘म्हणजे मी माझ्या पोराला विष चाटवलं?’ असा प्रश्न हवेत उभा राहिला. मुलगा शेगडीकडे निघून गेला. मला विचाराल तर सून शंभर टक्के बरोबर होती आणि हे मी दोघी नसताना कुणालाही सांगायला तयार आहे. तोवर चमच्यातला मध वाया जाऊ नये म्हणून मी चाटला.

मध हुकला, आता न्हाणं हुकणार नाही, हे हिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. रविवारी सकाळी तिनं बदामी टबाचा ताबा घेतला. टब कोरडा ठेवला, आतल्या पायरीवर टॉवेलाची घडी टाकली, लुगड्याचा काचा मारला, मोजे काढले आणि बदामाच्या टोकाकडे पाय लांब करून बसली. ठमीला नळग्यांवर पालथी घेतली. तेल आधी टाळूवर, मग पाठीवर, मग कोपर आणि विरुद्ध गुडघा एकमेकांना भिडवायचे ते ठरलेले चार हेलकावे. मग डाळीचं पीठ. सूनबाई पाणी कालवून तांब्या हातात देत होती. प्रत्येक तांब्यात ती कोपर बुडवून बघत होती आणि ही तोच तांब्या घेऊन आपल्या मनगटावर परत बघत होती. तीन आरशांत तीन आज्ज्या तीन नातींना न्हाऊ घालत होत्या. ठमी रडली नाही. ती हात पसरून आरशातल्या बाळांना हाका मारत होती. मला वाटतं, पोकोनोजच्या साठ वर्षांत त्या आकाराच्या टबाचा इतका चोख उपयोग कुणी केला नसेल.

पुढचं ओघानंच झालं. न्हाऊन झालेल्या बाळाला धुरी लागते. मुलानं सकाळीच कणसांसाठी कोळसा पेटवला होता. हिनं चिमट्यानं दोन निखारे स्टीलच्या वाटीत घेतले, वर चिमूटभर ओवा आणि उदाचा खडा. गुंडाळलेल्या ठमीचं जावळ त्या धुरावर फिरवायला सुरुवात झाली, आणि घरातल्या प्रत्येक खोलीतलं छप्पर एकदम किंचाळायला लागलं. इथे एक यंत्र धूर ओळखतं आणि बाकीच्यांना कळवतं. मध्येच एक बाई इंग्रजीत ‘आग, आग’ असं न घाबरता सांगत होती. आम्ही सगळे बाहेर, शेजारचे सगळे बाहेर. हैदराबादचे आजोबाही, तोच कोट घालून. थोड्या वेळात लाल दिवे फिरवत अग्निशामक बंब वळणावरून वर आला.

पेनसिल्व्हेनियात बंबावरची बहुतेक माणसं बिनपगारी असतात. ही रीत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ साली फिलाडेल्फियात असलं पहिलं स्वयंसेवी पथक काढलं. आमच्याकडे आलेला तगडा गृहस्थ रविवारचा नाश्ता अर्धा टाकून आलेला असावा. मिशीला सिरप होतं. तो आत गेला, वाटी घेऊन बाहेर आला, वास घेतला आणि अदबीनं विचारलं, “थाइम घालून चिकन भाजत होता का?” त्याचं नाक पक्कं. ओव्यात थायमॉलच असतं. मुलानं इंग्रजीतून धुरी समजावली. त्यानं गंभीरपणे ऐकलं आणि सांगितलं की बंद घरात पेटता कोळसा कधीही आणू नका, त्याचा जो वायू होतो त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. त्याचंही खरं. आमच्या चिपळूणच्या न्हाणीला कौलं होती आणि कौलांच्या फटीतून आभाळ दिसायचं. ही घरं डब्यासारखी बंद. हिनं हात जोडले. मग सवयीनं त्याच्या हातावर एक बेसनाचा लाडू ठेवला.

ठमीनं बंब पाहिला. सहलीत पहिल्यांदाच तिनं कशाकडे तरी टक लावून पाहिलं. दिवा फिरेल तशी मान फिरवत होती, आणि मिशीवाल्यानं त्याचं पिवळं हेल्मेट पुढे केलं तर दोन्ही हातांनी थापट्या मारून ओरडली. सूनबाईला अख्ख्या सहलीत तिचा हसरा असा एकच फोटो मिळाला: अंगावर पंचा, जावळ तेलकट, मागे अग्निशामक बंब.

तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. चुकून असेल किंवा नसेल, त्याच्यापाठोपाठ आरशातल्या तीन आज्ज्यांचाही गेला. ही दोन तास फोनकडे बघायला तयार नव्हती. नाशिकला तेव्हा मध्यरात्र होती, तरी विहीणबाई जाग्या होत्या. त्यांची पुढची खेप मार्चपासून आहे. बंबाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. टबात उतरायला पायरी केवढी उंच आहे, एवढंच विचारलं. त्यांचा डावा गुडघा हल्ली वाकत नाही.